कागद नसलेल्या मुलांची शाळा वाचवा: अमेरिकेतल्या मराठी मतदारांना आवाहन



अमेरिकेत राहण्याचे कागद नसलेल्या मुलालाही इथल्या सरकारी शाळेत फुकट शिकता येतं, ते सुप्रीम कोर्टाच्या एका निकालामुळे. १५ जून १९८२ रोजी तो निकाल लागला, पाच विरुद्ध चार मतांनी. एक न्यायमूर्ती दुसऱ्या बाजूला गेले असते तर तेव्हाच दार बंद झालं असतं. तो निकाल उलटवायची तयारी आता उघड उघड चालली आहे. राज्यांच्या विधिमंडळांत विधेयकं येत आहेत, शिक्षण मंडळांच्या बैठकांत प्रश्न निघत आहेत. तिथं मुलांच्या बाजूनं बोलायला फार थोडी माणसं उभी राहतात, मराठी माणूस तर क्वचितच. तुम्ही तिथं जावं, एवढ्याचसाठी हे लिहिते आहे.

हा निकाल कुठून आला ते आधी सांगते, कारण तो आपोआप मिळालेला नाही. १९७५ साली टेक्सासनं कायदा केला की कायदेशीर प्रवेशाचे कागद नसलेल्या मुलांसाठी शाळांना राज्याचा पैसा मिळणार नाही, आणि अशा मुलांना शाळा दारातूनच परत पाठवू शकतील. गुलाबांच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या टायलर गावच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर मागितले. मजुरी करणाऱ्या आईबापांना ते कुठून परवडणार? चार कुटुंबं कोर्टात गेली. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली, म्हणजे बघ्यांची गर्दी जमायच्या आत ही माणसं येऊन जातील. कागदोपत्री त्यांची खरी नावंही आली नाहीत. तरीसुद्धा कोर्टातूनच धरून सीमेपलीकडे नेतील या धास्तीनं एका कुटुंबानं घरचं सामान गाडीत भरून ठेवलं होतं. मुलाला वर्गात बसू द्या एवढंच मागायचं होतं, आणि त्यासाठी संसार गाडीत घालून यावं लागलं.

पुढं हा खटला सुप्रीम कोर्टात गेला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती नागरिकापुरती नाही, राज्याच्या हद्दीतल्या प्रत्येक व्यक्तीला ती समान संरक्षण देते. आईबापांनी केलेल्या गोष्टीची शिक्षा मुलांना देता येणार नाही, कारण इथं यायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. आणि अक्षरओळख नाकारलेल्या माणसांचा एक कायमचा खालचा थर तयार होणं देशाच्याही हिताचं नाही. विरोधात मत देणाऱ्या चौघांच्या वतीनं सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिलं, आणि मुलांना निरक्षर ठेवणं हा मूर्खपणा आहे हे त्यांनीही मान्य केलं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की हा प्रश्न सोडवणं कोर्टाचं काम नव्हे, संसदेचं आहे. मुलांना शाळेबाहेर ठेवणं शहाणपणाचं आहे असं त्या नऊ जणांपैकी एकाचंही म्हणणं नव्हतं. आज विधेयकं आणणारे मात्र ते म्हणू लागले आहेत.

२०२२ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरांनी या निकालाला पुन्हा आव्हान द्यायची भाषा केली. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीच्या सिनेटनं कागद नसलेल्या मुलांकडून फी घ्यायची किंवा त्यांना प्रवेशच नाकारायची मुभा शाळांना देणारं विधेयक मंजूर केलं. विधिमंडळाच्या इमारतीत विद्यार्थी आणि पालक येऊन बसले, केंद्राचा निधी जाईल अशी भीतीही निर्माण झाली, आणि दुसऱ्या सभागृहात ते अडलं. ओक्लाहोमात राज्याच्या शिक्षण मंडळानं प्रवेशाच्या वेळी मुलाच्या नागरिकत्वाची चौकशी करायचा नियम पुढं आणला, तेव्हा तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरांनीच त्याला विरोध केला आणि विधिमंडळानं तो फेटाळला. लोक बोलले की फरक पडतो, आणि त्यासाठी पक्ष आड येतोच असं नाही, हे या दोन राज्यांत दिसलं.

"नुसती माहिती विचारली तर काय बिघडलं?" असं पुष्कळजण म्हणतात. बिघडतं, आणि कसं ते अलाबामात दिसलं आहे. २०११ च्या तिथल्या कायद्यानं शाळाबंदी केली नव्हती, नव्यानं दाखल होणाऱ्या मुलाच्या कागदांची फक्त नोंद करायला सांगितलं होतं. कायदा लागू झाला आणि काही दिवसांतच एका सोमवारी राज्यभरात हिस्पॅनिक कुटुंबांतली दोन हजारांहून जास्त मुलं गैरहजर राहिली. त्यांत इथंच जन्मलेली, पक्की अमेरिकन नागरिक असलेली मुलंही होती, कारण त्यांचे आईबाप घाबरले होते. पुढच्या वर्षी अपील कोर्टानं ते कलम रद्द केलं. तोवर व्हायचं ते झालं होतं.

ही भीती मी जवळून पाहिली आहे. आमच्या भागातल्या शाळांत प्रवेशाच्या दिवसांत मी हिंदी, गुजराती, मराठी बोलणाऱ्या पालकांसाठी दुभाषी म्हणून बसते. खिडकीत जन्मदाखला, लशींची नोंद, भाड्याचा करार नाहीतर विजेचं बिल, एवढंच मागायला हवं. एक आई पहिलीतल्या मुलाला घेऊन आली होती. सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घड्या घालून ठेवलेले. ती दिराच्या घरी तळघरातल्या खोलीत राहायची, म्हणून विजेचं बिल तिच्या नावावर नव्हतं. दिराचं पत्र तिनं सोबत आणलं होतं. सगळं रीतसर चाललं होतं. मग फॉर्मच्या दुसऱ्या पानावर सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना आला आणि तिचं पेन थांबलं. मी म्हटलं, हा मोकळा सोडा, हा द्यायची सक्ती करता येत नाही. "नक्की ना, बेन?" तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. मी नक्की म्हणत राहिले. खिडकीपलीकडच्या बाईंनाही ते ठाऊक होतं, पण जुनेच फॉर्म छापून आले होते आणि ते बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं फॉर्मची घडी करून पिशवीत ठेवली, "यांना विचारून येते" म्हणाली आणि मुलाचा हात धरून निघून गेली. दिवाळी होऊन गेली तेव्हा ती परत आली. तोवर वर्गातली बाकीची मुलं छोटी छोटी वाक्यं वाचायला लागली होती.

छापील फॉर्मवरचा एक नको असलेला रकाना, एवढंच कारण होतं. त्या शाळेत कोणी दुष्ट नव्हतं.

जानेवारी २०२५ नंतर तर घाबरायला आणखी कारण मिळालं. शाळा, दवाखाने, देवळं-चर्च अशा ठिकाणी सहसा कारवाई करायची नाही, असं इमिग्रेशन खात्याचं बरीच वर्षं चालत आलेलं धोरण होतं. नव्या सरकारनं ते आल्या आल्या रद्द केलं. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांच्या दारात केंद्राचे अधिकारी काही लहान मुलांना भेटायचंय म्हणून उभे राहिले. दोन्ही मुख्याध्यापकांनी त्यांना आत घेतलं नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यात त्याच वर्षाच्या सुरुवातीला धाडी पडल्या, त्यानंतर तिथल्या पाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मुलांची गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढल्याचं स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात आढळलं. निकाल अजून कायम आहे आणि कायदाही बदललेला नाही, तरी बाकं रिकामी पडत आहेत.

बारावीपर्यंत निदान निकालाचा आधार आहे. पुढं तोही नाही. केंद्राची शिष्यवृत्ती नाही, केंद्राचं कर्जही नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांवरही बंधन घातलं: केवळ रहिवासी म्हणून अशा मुलांना फीची सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत देशातल्या कुठल्याही नागरिकाला द्यावी लागेल. मग राज्यांनी वाट काढली. नुसता रहिवास न बघता आमच्या राज्यात इतकी वर्षं शाळा शिकला का, बारावी इथं झाला का, हे बघायचं. पहिलं राज्य होतं टेक्सास, २००१ साली, आणि सही करणारे गव्हर्नर होते रिपब्लिकन पक्षाचे रिक पेरी. दहा वर्षांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असताना, स्वतःच्याच पक्षातून टीका होत असूनही पेरींनी तो कायदा सोडला नाही. ४ जून २०२५ ला केंद्राच्या न्यायखात्यानं टेक्सासवर दावा लावला, राज्यानं त्याच दिवशी मान तुकवली आणि कोर्टानं त्याच दिवशी कायदा गुंडाळला. चोवीस वर्षं चाललेली गोष्ट एका दिवसात संपली. त्या मुलांचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही.

फ्लोरिडानं २०१४ मध्ये दिलेली सवलत २०२५ मध्ये काढून घेतली. तेव्हा तिथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलाची वर्षाची फी सुमारे ६,४०० डॉलर होती, बाहेरच्याची २८ हजारांच्या वर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानं मधूनच एवढे पैसे कुठून आणायचे? जॉर्जियातली नावाजलेली सरकारी विद्यापीठं अशा मुलांना दारातही उभं करत नाहीत. साउथ कॅरोलायनात २००८ पासून कुठल्याच सरकारी कॉलेजात त्यांना प्रवेश नाही. केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय, कॅलिफोर्निया या राज्यांवरही केंद्रानं दावे लावले. २०१९ च्या एका अभ्यासात दरवर्षी सुमारे ९८ हजार कागद नसलेली मुलं बारावी होतात असा अंदाज दिला होता. ही मुलं गुणपत्रिका हातात घेऊन जाणार कुठं?

'डाका', म्हणजे लहानपणी इथं आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं मिळणारं संरक्षण, आहे ना, असं तुम्ही म्हणाल. ते आता नव्या मुलांच्या उपयोगाचं नाही. २०१२ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा अट होती की मूल १५ जून २००७ पासून सलग या देशात असलं पाहिजे. आज बारावीला असलेली बहुतेक मुलं त्या तारखेनंतर जन्मलेली आहेत. शिवाय २०२१ मध्ये टेक्सासच्या कोर्टानं नवे अर्ज मंजूर करायला मनाई केली. अशा मुलांना कायमच्या कागदांची वाट देणारा, २००१ पासून मांडला जाणारा ड्रीम ॲक्ट २०१० मध्ये हाऊसमध्ये पास झाला, सिनेटमध्ये ६० मतं हवी होती, ५५ पडली.

आता आपल्या मंडळींत जे बोललं जातं त्याकडे येते. जेवणाच्या टेबलावर, मंडळाच्या कार्यक्रमात, ट्रेनच्या प्रवासात ते मी ऐकलं आहे: आम्ही नियमानं आलो, रांगेत उभे राहिलो, हे मधेच घुसले. या बोलण्यामागचे कष्ट खोटे नाहीत. व्हिसाच्या शिक्क्यासाठी रखडलेल्या आईबापांच्या भेटी, नोकरी आवडत नसतानाही ग्रीन कार्डासाठी काढलेली वर्षं, हे सगळं मला माहीत आहे. पण रांग होती ती आपल्यासाठी. डिग्री होती, कंपनी अर्ज भरत होती, म्हणून आपल्याला उभं राहायला जागा मिळाली. शेतात, हॉटेलच्या मोरीत, छपरावर काम करणाऱ्या अकुशल माणसासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं आहेत, आणि त्यात त्यांची बायकामुलंही धरलेली. आणि समजा, बापानं खरंच नियम मोडला. मग त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला बाराखडी शिकवायची नाही, हा कुठला न्याय?

हे फक्त मेक्सिकोच्या लोकांचं दुखणं आहे, हाही गैरसमज काढून टाका. कागद नसलेल्या भारतीयांचा आकडा कोणी दोन लाखांवर सांगतं, कोणी सात लाखांवर, पण लाखांतच. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना परत पाठवलं, त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. लहान मुलंही होती.

आणि रीतसर आलेल्यांच्या घरातलं सांगते. बापाचा एच-वन, आईचा आणि मुलाचा एच-फोर. ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर, पण भारतीयांच्या रांगेत दहा लाखांहून जास्त माणसं, कारण कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही. दोन वर्षांचं असताना आलेलं मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून गळतं. मग विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, परदेशी विद्यार्थ्याची फी भरायची, नाहीतर जिथली भाषा धड लिहिता येत नाही त्या देशात एकट्यानं परतायचं. अशी मुलं अडीच लाखांच्या घरात आहेत असं सांगितलं जातं, आणि त्यांत बहुसंख्य भारतीय. गंमत नाही, हा नियमच आहे: १५ जून २०१२ ला ज्या मुलाकडे वैध व्हिसा होता, त्याला 'डाका'चा दरवाजा बंद होता. नियम पाळल्याचं हे फळ. त्यांच्यासाठीचं विधेयक २०२१ मध्ये मांडलं गेलं, त्याचा कायदा झालेला नाही. बापाची नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाही मिळाली तर साऱ्या घराचे कागद संपले. ज्या मुलाला तुम्ही मराठी शाळेत 'शुभं करोति' शिकवलंत, तेच मूल कागद नसलेलं व्हायला इतका कमी वेळ पुरतो.

आमच्या करातून त्यांना का शिकवायचं, हा शेवटचा आक्षेप. शाळांच्या पैशाचा मोठा वाटा मालमत्ता करातून येतो, आणि भाडं भरणारा प्रत्येक माणूस तो घरमालकाच्या हातून भरत असतो. जिथं विक्रीकर आहे तिथं दुकानात तो कोणालाच चुकत नाही. कागद नसलेल्या लोकांनी २०२२ मध्ये सगळे मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरल्याचा हिशोब एका करधोरण संस्थेनं मांडला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं नेमकं हेच मांडलं होतं: सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. रयतेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. आपल्यापैकी कितीतरी जणांची आजी-पणजी अशा मागण्या करणाऱ्यांमुळे शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचली. इथं त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या प्रत्येक मंडळानं ती साक्ष एकदा वाचावी.

तर आता काय करायचं ते सांगते. ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे त्यांनाच मी हे मागते आहे. व्हिसावर असलेल्यांनी सध्या गप्प राहायचं ठरवलं तर त्यांना मी बोल लावणार नाही, म्हणून तर बाकीच्यांनी दुप्पट बोलायला हवं.

तुमच्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत सर्वसामान्य माणसाला दोन-तीन मिनिटं बोलता येतं. आधी नाव नोंदवावं लागतं. मूल शाळेतून बाहेर पडलं असलं तरी चालतं, तुम्ही कर भरता. तिथं उभं राहून विचारा: आपल्या प्रवेशाच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर किंवा व्हिसाची माहिती मागितली जाते का? मागितली जात असेल तर नवे फॉर्म कधी छापणार? इमिग्रेशनचे अधिकारी ऑफिसात आले तर काउंटरवरच्या माणसानं काय करायचं, हे लिहून ठेवलंय का? न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट वेगळं आणि खात्यानंच स्वतः सही केलेला कागद वेगळा. त्या दुसऱ्या कागदावर शाळेत आत सोडायची सक्ती नाही, हा फरक फोन उचलणाऱ्या कारकुनाला माहीत असलाच पाहिजे. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार पालकांच्या संमतीशिवाय मुलाची नोंद सहसा बाहेर देता येत नाही, पण नाव, पत्ता, फोन ही माहिती 'डिरेक्टरी' म्हणून देता येते. पालकांनी लेखी नको म्हटलं तर तीही देता येत नाही. हे नको म्हणायचं पत्र प्रत्येक भाषेत, प्रवेशाच्या कागदांसोबतच मिळालं पाहिजे, अशी मागणी करा.

तुमच्या राज्याच्या आमदाराला आणि सिनेटरला फोन करा. तयार मजकुराच्या ईमेलपेक्षा फोनला वजन असतं, आणि राज्याच्या पातळीवर मोजके फोनही मोजले जातात. मुलांचे कागद तपासायचं किंवा त्यांच्याकडून फी घ्यायचं विधेयक तुमच्या राज्यात आलं असेल तर त्याचा क्रमांक घेऊन विरोध नोंदवा. फीच्या सवलतीचा कायदा असेल तर तो टिकवायला राज्य कोर्टात लढणार आहे की टेक्साससारखं त्याच दिवशी सोडून देणार आहे, असं ॲटर्नी जनरलच्या ऑफिसला विचारा.

आणि मंडळांना. आपली बरीच मंडळं बारावी झालेल्या मुलांना शिष्यवृत्त्या देतात. तो अर्ज काढून बघा. 'नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक' अशी अट असेल तर ती आपणच कधीतरी लिहिलेली आहे, आपल्यालाच काढता येईल. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या. रक्कम लहान असली तरी सरकारी कर्ज न मिळणाऱ्या मुलाला कम्युनिटी कॉलेजच्या एका सत्राची पुस्तकं त्यात येतात.

दुभाषी तर आत्ताच हवे आहेत. उन्हाळा संपता संपता प्रवेश सुरू होतात आणि तेव्हा खिडकीपाशी हिंदी, गुजराती, पंजाबी, तेलुगू, मराठी कळणारं कोणी नसतं. आपल्यातल्या कितीजणांना यांपैकी दोन-तीन भाषा सहज येतात, निवृत्त झालेल्या आजी-आजोबांना तर हमखास. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात जाऊन नाव द्या, पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरा. ती तपासणी व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा जूनपर्यंत थांबू नका.